मॅग्मातले हॅलोजन: प्रोजेक्ट लिहिताना या चुका टाळा

सोलापुरात जिऑलॉजी शिकायची एक सोय आहे, शहराबाहेर कुठल्याही खडी क्रशरवर जा, पायाखाली लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. म्हणून मग पोरं डेक्कन बेसॉल्टमधलं (म्हणजे या गोठलेल्या लाव्हाच्या दगडातलं) क्लोरीन-फ्लोरिन असला विषय हौसेनं घेतात आणि ठरलेल्या चुका करतात. मी पण केल्यात, लपवत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चौघा हॅलोजनांना एकाच पंगतीत बसवणं. पिरियॉडिक टेबलात फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन एकाखाली एक दिसतात म्हणून सरळ लिहून टाकतात की हॅलोजन गॅसबरोबर निघून जातात. तसं नसतंय ओ. फ्लोराइड आयनची (विद्युतभारित अणूची) त्रिज्या १.३३ अँगस्ट्रॉम (अणू मोजायचं बारीक माप), ऑक्साइडची १.४०, म्हणजे फ्लोरिन ऑक्सिजनच्या जागेवर आरामात बसतं, वितळलेल्या खडकात, म्हणजे मॅग्मात, मुरून राहतं, वर सिलिकाच्या साखळ्या तोडून मॅग्मा पातळ पण करतं. क्लोराइड १.८१ चा, त्याला तिथं अडचण होते, त्यामुळे पाण्याची वाफ सुटायला लागली की तो तिकडं पळतो. ब्रोमीन त्याहून जास्त पळतं आणि आयोडीन सगळ्यात जास्त. त्यातही मॅग्मा कसला आहे ते बघा, बेसॉल्टमध्ये क्लोरीन बराच वेळ टिकतं, सिलिका जास्त असलेल्या रायोलाइट मॅग्मामध्ये वाफेत लवकर जातं.

दुसरी चूक, दगड दळून जो आकडा आला तोच मूळ मॅग्माचा धरणं. अहो, सात रस्त्याला सोडा घेतला, झाकण उघडून तासभर उन्हात ठेवला आणि मग म्हणालात कंपनीनं गॅसच भरला नव्हता, तर कसं? मॅग्मा वर येतो, दाब उतरतो, आधी कार्बन डायऑक्साइड, मग गंधक आणि पाणी, मग क्लोरीन, फ्लोरिन शेवटी, आणि तेही सगळं नाही. उरलेलं फ्लोरिन अॅपेटाइट, अभ्रक, अँफिबोल असल्या खनिजांत जाऊन बसतं. मूळ आकडा हवा असेल तर स्फटिकाच्या आत अडकलेले काचेचे बारीक थेंब शोधावे लागतात, आणि आपल्याकडं ते मिळणं लई अवघड, काच बहुतेक कुजलेली असते. तरी २००८ साली डेक्कनच्या अशाच काचांवरचं काम छापून आलं, त्यात गंधक १४०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग) आणि क्लोरीन ९०० पीपीएमपर्यंत मिळालं होतं. (९०० पीपीएम म्हणजे ०.०९ टक्के, ०.९ नाही. ही पण चूक दरवर्षी होते.)

आता माझी चूक. सॅम्पलच्या भोकाभोकांत पांढरं कॅल्साइट भरलेलं होतं, ते जावं म्हणून मी दगडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टाकले, नंतर बोअरच्या पाण्यानं धुतले, आणि मग त्यातच क्लोरीन मोजायला दिलं! आकडा बघून मला वाटलं काहीतरी मोठा शोध लागला. गाईड सरांनी एवढंच विचारलं, "धुतलं कशानं?" झालं, सगळं परत. तुम्ही डिस्टिल्ड वॉटरच वापरा, भोकं नसलेला घट्ट दगड निवडा, घामाचा हात लावू नका. मायक्रोप्रोबवर (इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, टाकून मोजायचं मशीन) बसवायचं असेल तर सॅम्पल ज्यात बसवतात त्या इपॉक्सी रेझिनमध्ये पण क्लोरीन असतं, बीम कडेला गेला की आकडा फुगतो. अॅपेटाइटमध्ये तर मोजता मोजताच बीमखाली फ्लोरिन सरकतं आणि काउंट बदलतात, म्हणून करंट कमी आणि बीम पसरट ठेवा.

ज्वालामुखीच्या गॅसचे आकडे वापरणाऱ्यांसाठी: गंधक-क्लोरीनचं गुणोत्तर वाढलं की खोलातून नवीन मॅग्मा येतोय असा अंदाज बांधतात, ते ठीक आहे, पण हायड्रोजन क्लोराइड पाण्यात लगेच विरघळतो. वाटेत भूजल असलं तर तेच त्याला गिळतं, तुम्हाला वर काही दिसत नाही आणि तुम्ही लिहिता "ज्वालामुखी शांत". १९९१ च्या फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकात पण बरंचसं क्लोरीन वाटेतच पाण्यानं धुऊन गेलं, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या थरात) फार थोडं पोचलं. ब्रोमीन मोनॉक्साइडचं (ब्रोमीन आणि ऑक्सिजनचं संयुग) वेगळंच. मॅग्मातून येतो तो हायड्रोजन ब्रोमाइड, मोनॉक्साइड हवेत मिसळल्यावर धुरातच तयार होतो. २००३ मध्ये कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटाच्या सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखीवरचं ते निरीक्षण प्रसिद्ध झालं.

फ्लोरिन कमी सुटतं म्हणजे धोका कमी, असंही लिहू नका. आइसलंडच्या लाकी ज्वालामुखीतून १७८३-८४ मध्ये अंदाजे ८० लाख टन फ्लोरिन बाहेर पडलं, ते राखेला चिकटून गवतावर बसलं, मेंढ्यांनी तेच खाल्लं आणि जवळपास ८० टक्के मेंढ्या मेल्या. नंतर दुष्काळ पडून माणसं गेली ती वेगळीच. पण ही गोष्ट वाचून कोणी आपल्या गावच्या बोअरमधल्या फ्लोराइडचा संबंध ज्वालामुखीच्या गॅसशी लावू नका, तो गॅस कधीच उडून गेलाय, पाण्यात येतं ते खडकातल्या खनिजांतून झिरपून.