पावसाळ्यात माहेरी बाळंतपण: बाळाला ऊब कशी द्यायची आणि शेगडी का नको

ज्यांची तारीख जून ते सप्टेंबरमधे आहे आणि ज्या राजापूर, देवगड, कणकवली या बाजूला माहेरी येणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं पहिलं बाळंतपण जुलैमधलं, माहेर राजापूरपासून आत एका वाडीत, कौलारू घर, आणि तेव्हा काय काय माहीत असायला हवं होतं ते सगळं नंतर कळलं.

आधी येण्याचं बघा. तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, पण तो अंदाज असतो, 37 आठवडे झाले की बाळ पूर्ण दिवसांचं धरतात आणि त्यानंतर कधीही कळा येऊ शकतात. त्यामुळे आठवा महिना संपायच्या आत, डॉक्टरांना विचारून, गावी येऊन राहा. आणि आल्यावर एकच गोष्ट नीट विचारा, आपल्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, कितव्या पावसात पाण्याखाली जातो? अर्जुना आणि कोदवली नद्यांना पूर आला की राजापूरच्या बाजारपेठेत पाणी शिरतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरामागच्या व्हाळाचा (ओढ्याचा) विचार कोणी करत नाही. साकव बुडत असेल तर शेवटचे पंधरा दिवस हायवेच्या बाजूला कोणा नातेवाईकाकडे राहिलेलं बरं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. 108 आणि 102 हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमधे हवेत आणि वाडीत रेंज कुठे येते तेही ठरलेलं हवं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत असते. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी आली तर कळांची वाट बघत बसू नका, लगेच निघा.

अजून एक, लावणीच्या दिवसात गावात लेप्टोसाठी, म्हणजे चिखलापाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या वाटतात, त्या गरोदर बाईने घ्यायच्या नाहीत, गोळ्या देणाऱ्याला आपण गरोदर आहोत हे स्वतःहून सांगायचं. आणि चिखलात, गोठ्याच्या पाण्यात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबातच नको.

आता शेगडी.

आमच्याकडे नववा दिवस होता. संध्याकाळपासून लाईट नाही, बाहेर पाऊस असा की कौलांचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं, खिडक्या बंद, दाराला जुनी गोधडी लावलेली. आजीने बाजेखाली शेगडी ठेवली, निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा टाकला, सगळं मायेनेच केलेलं. तासाभराने माझं डोकं जड झालं, मळमळायला लागलं, मला वाटलं अशक्तपणा आहे. बाळाला पाजायला घेतलं तर ते तोंडच उघडेना, मान टाकून नुसतं पडलेलं. मावशी कंदील घेऊन आत आली, तिने काही न विचारता शेगडी उचलून पडवीत नेली आणि दोन्ही दारं सताड उघडली. पंधरा-वीस मिनिटांनी बाळ रडलं. त्या रडण्याने मला केवढं बरं वाटलं ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू येतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि श्वासातून रक्तात गेला की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं नसतं, आणि बंद खोलीत तर हा वायू साठतच जातो. धुरीचंही तेच, तान्ह्या बाळाच्या नाजूक श्वासनळ्यांना धूर सोसत नाही. बाळंतिणीला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या, ती बाळाजवळ ठेवू नका, अंथरूण ऊबदार करायचं असेल तर बाळाला ठेवायच्या आधी पिशवी काढून घ्या.

मग बाळाला ऊब द्यायची कशी, तर आईच्या अंगाची. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून आपल्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून साडी किंवा शाल. 1978 मधे कोलंबियातल्या बोगोटामधे बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून कमी वजनाच्या बाळांसाठी डॉक्टरांनी हे सुरू केलं, आता आपल्याकडेही करतात, आणि लाईट गेली तरी चालतं. आई दमली की बाबाच्या छातीवर ठेवा. फक्त ज्याच्या छातीवर बाळ आहे त्याने जागं राहायचं, झोप आली की बाळाला बाजूला उताणं निजवायचं, उशी नको, मच्छरदाणी हवी.

गरम आहे की गार ते हाताच्या मागच्या बाजूने बघा. पोट आणि तळपाय दोन्ही ऊबदार, तर ठीक. पोट ऊबदार पण पाय गार, तर छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. आणि उलटंही होतं, आपल्या दमट हवेत चार दुपट्यांत गुंडाळलं की बाळाला घामोळं येतं, अंग तापतं, तेव्हा आपण घालतो त्यापेक्षा एक कपडा जास्त, एवढं बास. थर्मामीटर घरात असू द्या, काखेत 36.5 ते 37.5 सेल्सिअस बरोबर.

लंगोट वाळत नाहीत हे खरं दुखणं आहे. आईच्या जुन्या कॉटनच्या साड्या फाडून पंचवीस-तीस लंगोट आधीच धुऊन ठेवा, चुलीवरच्या दोरीवर घालू नका, धुराचा वास बसतो, पंख्याखाली घालून शेवटी कडक इस्त्री फिरवा. हाताला थोडं जरी सर्द लागलं तरी तो लंगोट नको, बाळाचं अंग सोलवटतं.

दुधाचं थोडक्यात सांगते. पहिल्या तासात छातीला लावायचं, पिवळसर चीक टाकून द्यायचा नाही, आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको, त्यातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. घुटी, जायफळ तसंच नको. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजायचं, पाचव्या दिवसानंतर सहाच्या वर लंगोट ओले झाले तर दूध पुरतंय. बाळंतिणीला आटवल (मऊ भात), कुळथाची पिठी, अळिवाची खीर सगळं द्या, पण पाणी तोडू नका, नीट शिजवलेले मासेही बंद करायची गरज नाही.

पहिली अंघोळ 24 तासांनंतर. नाळेला राख, हळद, तेल काही नाही, कोरडी ठेवली की आपोआप गळते. खोबरेल तेल हलक्या हाताने चालतं, नाकाकानात नको.

श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, पहिल्याच दिवशी कावीळ किंवा तळहात-तळपाय पिवळे, दूध सोडणं, झटका, ताप, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, वजन, ताप बघतात, त्यांना मनातलं सगळं विचारा. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब जन्मल्यावर लगेच होतात, पुढची लस दीड महिन्याला. तेव्हाही पाऊस असणारच, म्हणून रिक्षावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला.