पेजमेकरचा जुना पीसी इतक्यात भंगारात देऊ नका

लातूर-नांदेडकडच्या कितीतरी डीटीपी सेंटरांत लग्नपत्रिकेचं काम अजून पेजमेकर ७.० या अॅडोबी कंपनीच्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते २००१ सालचं. अॅडोबीनं २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर ठेवल्या, म्हणून आज ना उद्या पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनची वर्गणी भरावी लागते. भरण्याआधी जुन्या फायलींचं बघा.

नवं इनडिझाइन पेजमेकरची फाइल उघडतच नाही. उघडणारी शेवटची आवृत्ती म्हणजे इनडिझाइन सीएस६. जुन्या पीसीवर ते असेल तर पेजमेकरच्या पीएमडी आणि पी६५ फायली त्यात उघडून आयडीएमएल या इनडिझाइनच्या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकारात एक्स्पोर्ट करा. ती नव्यात उघडते. नसेल तर पेजमेकरमधूनच पीडीएफ काढा, निदान नमुना हाताशी राहील. फॉन्टचं फोल्डरही पेनड्राइव्हवर घ्या. त्यातले टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट २०२३ पासून नव्या आवृत्त्यांत चालत नाहीत, ट्रूटाइप चालतात.

खरा घोळ मजकुराचा, जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, बदलताना. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. हा बदल करणारा कन्व्हर्टर इथंच घसरतो. शिर्के, सूर्यवंशी, कुऱ्हाडे अशी आडनावं एकेक करून तपासा. पत्रिकेत मामाचं नाव चुकलं तर छपाई आपल्या अंगावर. मजकूर बरोबर असूनही जोडाक्षर फुटलं, वेलांटी भलतीकडं गेली, तर फॉन्टला दोष देऊ नका. इनडिझाइनमधल्या पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत 'अॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा. एकही फाइल उघडी नसताना निवडलं की पुढच्या सगळ्या नव्या फायलींना तोच लागतो.

वर्गणी म्हणजे दिवसभर नेट हवं असं नाही. सॉफ्टवेअर पीसीवरच बसतं. वार्षिक प्लॅनवर नेटशिवाय ९९ दिवस चालतं, महिन्याच्या प्लॅनवर ३०. फसगत होते ती 'वार्षिक, हप्ता महिन्याला' या प्लॅनमध्ये: १४ दिवसांनंतर मध्येच सोडला तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम कापतात. काम फक्त लग्नसराईत असेल तर महिन्याचा प्लॅन महाग वाटला तरी तोच घ्या. वर्गणीचा १५,००० रुपयांपर्यंतचा ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, ओटीपीशिवाय जातो, २४ तास आधी मेसेज येतो. त्या दिवशी खातं रिकामं नको.

वर्गणी थांबली तरी फायली डिस्कवर राहतात, पण उघडायचं साधन जातं. म्हणून काम हातावेगळं झालं की लगेच पीडीएफ काढा. जुना पीसी निदान एक अख्खी लग्नसराई कोपऱ्यात असू द्या. गेल्या वर्षीची पत्रिका मागायला गिऱ्हाईक येतंच.