युद्धाची कारणं आणि परिणाम कसे अभ्यासावेत : आठवी ते दहावीच्या मुलांसाठी, शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

माध्यमिक शाळेतल्या इतिहासाच्या वह्या चाळल्या की एक वाक्य हमखास भेटतं : ‘या युद्धात प्रचंड जीवित व वित्तहानी झाली.’ पहिलं महायुद्ध असो, १९७१ असो की कारगिल, ते कुठेही खपतं. आणि कुठेही खपतं म्हणूनच ते कुठल्याच युद्धाबद्दल काही सांगत नाही. पुढची पद्धत हे वाक्य वहीतून हद्दपार करण्यासाठी आहे. तिचा नियम साधा आहे : प्रत्येक कारणाला तारीख हवी, आणि प्रत्येक परिणामाला माणूस हवा.

वेळ दोन आठवडे, म्हणजे साधारण आठ तासिका. सामान : एक चार्ट पेपर, पट्टी, दोन रंगांची पेनं, चांगला नकाशासंग्रह आणि चिठ्ठ्या. एका ए-फोर कागदाच्या तीन घड्या घातल्या की आठ चिठ्ठ्या होतात. दोन कागद पुरे.

एक युद्ध, एक प्रश्न

‘दुसरं महायुद्ध’ हा अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही, ते गोदाम आहे. त्यातून एकच प्रश्न बाहेर काढा. उदाहरणार्थ : सारायेव्होतल्या खुनानंतर पाच-सहा आठवड्यांत ब्रिटन युद्धात कसा ओढला गेला? १९७१ मध्ये भारत युद्धात का उतरला? १९३९ च्या युद्धाचा मध्य प्रांतावर काय परिणाम झाला? हा तिसरा प्रश्न नागपूरच्या मुलांनी जरूर घ्यावा, कारण नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती.

राज्य मंडळाच्या नववीत १९६० नंतरचा भारत आहे, राज्यशास्त्रात महायुद्धोत्तर घडामोडी आहेत; सीबीएसईच्या नववीत नाझीवादाचा धडा आहे. आपल्या पुस्तकातला धडा एकदा नीट वाचा आणि मिटून ठेवा. तो उघडा ठेवला की मुलं त्यातले मुद्दे क्रमाने उतरवतात आणि अभ्यास तिथेच संपतो.

काळपट्टी : मोकळी जागा सोडायची

कारणांच्या यादीआधी काळपट्टी काढा, आणि ती मापात काढा. बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो इथेच. घटना सारख्या अंतरावर लिहिल्या की काळपट्टी नुसती शोभेची होते.

पहिल्या महायुद्धासाठी एक दिवस म्हणजे एक सेंटिमीटर धरा. २८ जून १९१४ ते ४ ऑगस्ट १९१४ हे सदतीस दिवस होतात. चार्ट पेपरची लांब बाजू सत्तर सेंटिमीटरच्या आसपास असते, तेव्हा पट्टी आरामात बसते. आता खुणा करा. २८ जून : सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याचा गॅव्हरिलो प्रिन्सिपने खून केला. ५ जुलै : जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचं आश्वासन दिलं. २३ जुलै : ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांचा निर्वाणीचा खलिता धाडला. २८ जुलै : सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ३० जुलै : रशियाने संपूर्ण सैन्याची जमवाजमव करण्याचा हुकूम काढला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाशी, ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर केलं. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि ब्रिटन उतरला.

पट्टीकडे नुसतं बघा. खून आणि खलिता यांच्यात पंचवीस सेंटिमीटर आहेत आणि त्यात एकच खूण. पुढच्या बारा सेंटिमीटरांत मात्र दाटी. खून हेच युद्धाचं कारण असेल तर ते पंचवीस दिवस कशात गेले? हा प्रश्न वर्गातल्या कोणीतरी आपणहून विचारतो. नाही विचारला तर शिक्षकांनी विचारावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये.

नकाशा त्या काळचाच घ्या. आजच्या नकाशात ऑस्ट्रिया-हंगेरी सापडणार नाही, आणि १९७१ चा अभ्यास आजच्या नकाशावर केला तर ‘पूर्व पाकिस्तान’ म्हणजे नेमकं काय आणि तो पश्चिमेपासून किती लांब, हेच डोळ्यांपुढे येत नाही.

कारणांच्या चिठ्ठ्या

एका चिठ्ठीवर एकच कारण, जास्तीत जास्त दहा चिठ्ठ्या. ‘साम्राज्यवाद’, ‘लष्करवाद’, ‘राष्ट्रवाद’ असे नुसते शब्द लिहायला सक्त मनाई. हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांच्यामागे घटना नसेल तर ते पोकळ राहतात. ‘लष्करवाद’ ऐवजी लिहा : १९०६ मध्ये ब्रिटनने ड्रेडनॉट ही युद्धनौका पाण्यात उतरवली आणि जर्मनीशी नौदलाची चढाओढ तीव्र झाली. ‘राष्ट्रवाद’ ऐवजी : १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, सर्बिया दुखावला.

मग चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा : दूरची, जवळची, तात्कालिक. प्रत्येक चिठ्ठी उचलून विचारा, ‘हे झालं नसतं तर युद्ध झालं असतं का? तेव्हाच झालं असतं का? एवढंच मोठं झालं असतं का?’ तीन प्रश्नांची उत्तरं बहुधा वेगळी येतात. सारायेव्होचा खून नसता तर युद्ध कदाचित तेव्हा झालं नसतं. आघाड्यांचं, म्हणजे देशांनी एकमेकांना दिलेल्या मदतीच्या वचनांचं, जाळं नसतं तर ते इतकं पसरलं नसतं. पहिलं ‘केव्हा’चं कारण आहे, दुसरं ‘किती’चं. मोठ्या वर्गातसुद्धा हा फरक कमीच मुलांना जमतो, म्हणून यावर एक अख्खी तासिका गेली तरी हरकत नाही.

शेवटी चिठ्ठ्या कागदावर मांडून बाण काढा आणि प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा : ‘घाबरवलं’, ‘भाग पाडलं’, ‘वाट मोकळी केली’, ‘उशीर केला’. ज्या बाणावर क्रियापद सुचत नाही तो बाण खोडा. बहुतेकदा तो संबंध पाठ केलेला असतो, समजलेला नसतो.

परिणाम : कोणावर, कुठे, केव्हा

वहीचं आडवं पान घ्या. वर तीन रकाने : युद्ध चालू असताना, पाच वर्षांत, पंचवीस वर्षांत. डावीकडे माणसं : सैनिक, त्यांची घरं, शेतकरी, व्यापारी, मजूर, सरकार. प्रत्येक चौकट भरायलाच हवी असं नाही. रिकामी चौकटही माहिती देते.

सरावासाठी वैदर्भीय मुलांना अमेरिकेचं यादवी युद्ध द्यावं, १८६१ ते १८६५. नागपूरपासून हजारो मैलांवरचं युद्ध, पण उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्या गिरण्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेतून येत असे. मागणी मुंबईकडे वळली, भाव कडाडले, वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजार बुडाला, बँक ऑफ बॉम्बेही त्यात गेली. आता चौकटी भरा : तेजीत फायदा शेतकऱ्याला किती, अडत्याला किती? मंदीत कर्ज कोणाच्या डोक्यावर राहिलं?

याच उदाहरणात एक सापळा आहे. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली, म्हणून मुलं झटकन लिहितात, ‘युद्धामुळे रेल्वे आली.’ पण नागपूरचा रेल्वेमार्ग युद्ध सुरू होण्याआधीच आखलेला होता. कापसाच्या तेजीने त्याची निकड वाढवली, एवढंच म्हणता येईल. नंतर झालं म्हणजे त्यामुळे झालं, हा इतिहासातला सगळ्यात लोकप्रिय तर्कदोष आहे आणि पाठ्यपुस्तकंही त्यापासून मुक्त नाहीत.

त्याची मोठी आवृत्ती म्हणजे ‘व्हर्सायच्या तहामुळे हिटलर आला.’ पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला हा तह २८ जून १९१९ चा. हिटलरच्या पक्षाला मे १९२८ च्या निवडणुकीत २.६ टक्के मतं होती, म्हणजे तहाला नऊ वर्षं होऊनही पक्ष नगण्यच. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांच्या वर. मध्ये काय घडलं? ऑक्टोबर १९२९ ची न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराची घसरण आणि त्यामागून जर्मनीत आलेली बेकारी. तहाने राग साठवला, मंदीने त्याला मतं मिळवून दिली. दोन्ही चिठ्ठ्या लागतात, आणि दोघींच्या बाणांवरची क्रियापदं वेगळी आहेत.

मध्य प्रांताचा प्रश्न घेतला असेल तर साखळी अशी बांधता येते. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने भारतीय नेत्यांना न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्याच्या निषेधार्थ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नागपुरात रविशंकर शुक्लांचं मंत्रिमंडळ गेलं, कारभार गव्हर्नरच्या हाती आला. मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपानच्या ताब्यात गेलं, त्याच सुमारास आलेलं क्रिप्स मिशन फसलं, ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली आणि चिमूर-आष्टी पेटलं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याचा धक्का बंगालला बसला. १९४३ च्या दुष्काळाला ते एक कारण झालं, एकमेव नव्हे. सरकारी धोरण आणि साठेबाजी यांच्याही चिठ्ठ्या हव्यात.

आकडे लिहिताना

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. इंटरनेटवरून उतरवताना १.३ मिलियनचे ‘१.३ लाख’ होतात. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय सेवेत होते, त्यातले सुमारे ७४ हजार मेले. शून्य चुकलं तर निम्म्याहून अधिक सैन्य मेल्यासारखं दिसतं. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दात जखमी आणि बेपत्ताही येतात, त्याचं भाषांतर ‘मृत’ करू नका. बंगालच्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज साधारण वीस ते तीस लाख आहेत. जिथे अंदाज आहे तिथे दोन्ही टोकं लिहावीत. परीक्षकाला ते खटकत नाही.

घरातली आणि गावातली साधनं

जुन्या ट्रंकेतली पत्रं काढा. नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ या काळातल्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट सापडतं : कुटुंबनियोजनाचं चित्र आणि त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असा ठसा. नंतर त्यासाठी खास तिकीटही निघालं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या जवळपास एक कोटी निर्वासितांसाठी पत्र टाकणाऱ्याकडून घेतलेला हा कर होता. लढाई चौदा दिवसांत संपली, कर वर्षाहून अधिक चालला. ‘कोणावर, केव्हा’ हे शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

१९७१ मध्ये दहा-बारा वर्षांचे असलेले लोक आज पासष्टीच्या पलीकडे आहेत. नागपूरजवळच्या कामठीच्या बाजूला माजी सैनिकांची घरंही आहेत. मुलाखत चाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नका, रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या. ‘काका, रेशनवर काय मिळायचं? बातमी कशी कळायची? घरातलं कोण सीमेवर होतं?’ असे प्रश्न चालतात. ‘तुम्ही किती जणांना मारलं?’ हा प्रश्न मुलं विचारतातच, तो आधीच बाद करून ठेवा. सांगणाऱ्याची आठवण आणि त्याने पुढे सिनेमात पाहिलेलं यांची सरमिसळ होते, म्हणून तारखा वर्तमानपत्राशी ताडून पाहा. वर्तमानपत्रं वाचताना मात्र युद्धकाळात बातम्यांवर सरकारी नियंत्रण असतं, हे वहीत वर लिहून ठेवा.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य लोकांसाठी तो १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा ठरावीक दिवशीच उघडतो. जाण्याआधी चौकशी करा, ओळखपत्र न्या. कामठी छावणीत विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका.

उत्तर लिहिताना

‘भारत १९७१ च्या युद्धात उतरला, सकारण स्पष्ट करा.’ नेहमीचं उत्तर ‘पाकिस्तानने अन्याय केला’ इथून सुरू होतं आणि जीवितहानीवर संपतं. त्याऐवजी चार-पाच वाक्यं, शक्य तिथे तारीख : डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या अवामी लीग या पक्षाला बहुमत मिळालं, सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. त्यामुळे सुमारे एक कोटी लोक भारतात आले आणि त्यांचा भार सीमेवरच्या राज्यांवर पडला. ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनशी झालेल्या मैत्री कराराने भारताची बाजू भक्कम झाली. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी भारताच्या हवाई तळांवर हल्ले केले आणि उघड युद्ध सुरू झालं.

शेवटचं वाक्य तात्कालिक कारणाचं, आधीची जवळच्या कारणांची. दूरचं कारण, म्हणजे भाषेचा आणि सत्तेच्या वाटणीचा १९४७ पासूनचा प्रश्न, एका वाक्यात अगदी वर टाकता येतं. परिणाम विचारलेच नसतील तर लिहू नका. त्र्याण्णव हजार युद्धकैदी आणि २ जुलै १९७२ चा सिमला करार पुढच्या प्रश्नासाठी राखून ठेवा.