आजाऱ्याला नुसती पेज देताय? या चुका टाळा

ऑपरेशन झालं की कोकणात पहिली शिजते ती पेज. दोन दिवस ठीक. तीन आठवडे नको, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

मालवणजवळच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. वजन ४८ किलो. मासळीने जखमेत पू होतो म्हणून घरच्यांनी बांगडा, सुकट, सगळं बंद केलं. दिवसाला चार वाट्या पेज आणि लोणच्याची फोड. जखम भरेना, पोटऱ्या हाताला लागेनात. लघवी तपासून मी हिशेब मांडला. प्रथिनांत नायट्रोजन असतो, म्हणून तो किती आत जातो आणि किती बाहेर पडतो यावरून स्नायूंची झीज कळते. पेजेतून १२ ग्रॅम प्रथिनं, नायट्रोजन काढायला ६.२५ने भागलं की जेमतेम २ ग्रॅम आत, आणि बाहेर ९. सातची तूट म्हणजे रोज जवळपास २०० ग्रॅम स्नायू झिजत होते.

सून म्हणाली, "पण ताई, अमिनो आम्लं शरीर स्वतः बनवतं ना?" अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. बनवतं, पण विसांतली नऊ बनवू शकत नाही. बाकीच्यांचा कार्बनी सांगाडा भातातून मिळेल, जसं पिष्ट पचून होणाऱ्या पायरुव्हेटपासून अॅलनिन हे अमिनो आम्ल होईल. त्यावर बसणारा नायट्रोजनचा अमिनो गट मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या अमिनो आम्लाकडूनच घ्यावा लागतो. पिष्टात नायट्रोजन नसतोच.

मी पहिल्याच दिवशी कुळथाची पिठी सुरू करायला लावते. तांदळात लायसिन (त्या नवांतलं एक) कमी, कुळथात भरपूर. मग अंडं, मग बांगड्याचं पातळ सार. आजींनी सार भुरकून प्यायलं, आणि महिन्याभरात जखम सुकली.

दुसरी चूक, हा नायट्रोजन मोजायला गोळा करायच्या २४ तासांच्या लघवीची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरायची. एकांनी रात्रीची दोनदा ओतून दिली. तूट असूनही कागदावर सगळं बरं दिसलं, आठवडा वाया गेला. तेव्हापासून कॅनवर वेळ मी स्वतः मार्करने लिहिते आणि रात्री जागणाऱ्या माणसालाच समजावते.

भात तोडून नुसती प्रथिनांची पावडर पाजू नका. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जाळतं आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. घाईत बरं व्हायचं म्हणून एकाच जेवणात चार अंडी कोंबणंही सोडा. प्रथिनांचं कोठार शरीरात नसतं, तीन-चार वेळा विभागून द्या.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.