बंबातली राख आधी डब्यात, मग उकिरड्यावर

थंडी पडली की परभणी-जालन्याकडच्या गावांत आंघोळीचं पाणी तापवायचे बंब माळ्यावरून खाली उतरतात. याच दिवसांत भाव चढेल या आशेवर वेचलेला कापूस ओसरीवर, गोठ्याशेजारच्या खोलीत, कधी कधी झोपायच्या खोलीतसुद्धा भरलेला असतो. म्हणून या पंधरवड्याच्या शेतीसल्ल्यात फवारणीचं पुढे बघू, आधी राखेचं ऐका.

सकाळी आंघोळी उरकल्या की बंब विझला असं आपण म्हणतो. तो विझलेला नसतो. बाभळीचा निखारा राखेखाली दीड-दोन दिवस सहज धग धरून राहतो. ती राख घमेल्यातून उकिरड्यावर पडते, दुपारी वारा सुटतो, वरची राख उडते, निखारा उघडा पडतो आणि ठिणगी शेजारच्या गंजीत जाते. जवळच्याच एका गावात तर राख उकिरड्यापर्यंतही गेली नव्हती. भांडी घासायला होईल म्हणून प्लॅस्टिकच्या टोपल्यात काढून कापसाच्या खोलीच्या दारामागे ठेवली होती. टोपल्याचा बूड वितळला. कापूस भडकला कमी, आतून धुमसला जास्त. लोकांनी पाणी मारलं, धूर बसला, सगळे झोपले. पहाटे ढीग पुन्हा पेटला. उरलेला माल पिवळा पडला होता. व्यापाऱ्यानं मूठभर उचलून नाकाला लावला आणि काही न बोलता खाली ठेवला. पीकविमा उभ्या पिकाला मिळतो. घरात भरलेल्या कापसाला नाही.

कापसाला आग लागलीच तर वरून पाणी मारून थांबू नका. ढीग उघड्यावर ओढा, फोडा, आतपर्यंत भिजवा, आणि रात्रभर कुणीतरी जागं राहा.

राखेसाठी तेलाचा रिकामा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्या. त्याला झाकण हवं, खाली दोन विटा हव्यात, आणि जागा उघड्यावर, भिंतीपासून लांब. दोन दिवस तिकडे बघायचं नाही. घाई असेल तर पाणी ओतून काठीनं ढवळा. चर्र आवाज आला तर अजून जीव आहे, पुन्हा ओता. पण भिजवलेल्या राखेतला पालाश (पोटॅश) पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून शेतात टाकायची राख कोरडीच गार होऊ द्या. ती युरियात मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो.

आता बंब मांडायचं.

मोरी बंद, दार बंद, आत बंब धगधगतोय, ही मांडणी जीवघेणी आहे. धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही; डोकं जड होतं, मळमळतं, आणि उठून दार उघडायचं बळ उरत नाही. बंब अंगणातच ठेवा. पत्र्याखाली ठेवायचाच असेल तर दोन बाजू उघड्या हव्यात, धुराडं पत्र्याच्या वर तीन फूट जायला हवं आणि ते लाकडी वाशापासून दीड फूट लांब हवं. जमीन फरशीची किंवा विटांची. गंजीपासून मी ५० फूट धरतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, उडालेल्या ठिणग्या बघून धरलेला आहे. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, तेव्हा बंब गंजीच्या दक्षिणेला बरा. माघानंतर दुपारचा वारा फिरतो, तेव्हा पुन्हा बघा.

आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबात जाळ घातला की डाग दिलेले सांधे सुटतात.

हल्ली दुकानदार वरच्या टाकीला जोडायचे लाकडावरचे स्टीलचे गिझर गळ्यात मारतात. घ्या, पण एक बघा: वाफेची नळी टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडी सोडलेली असावी आणि तिच्यावर कॉक नसावा. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. तिला वाट नसेल तर ती भांडं फोडूनच बाहेर पडते. पाणी गळतंय म्हणून त्या नळीला बूच मारणारे प्लंबर मी पाहिलेत. क्षार काढायचं महागडं औषधही नको. बोअरच्या पाण्याचा थर बसला असेल तर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम लिंबूसत घालून दोन तास ठेवा आणि दोनदा खंगाळा.

सरपणाचं म्हणाल तर तुराट्या पेटवायला, बाभूळ टिकायला. ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्या, औषधाचे डबे बंबात घालू नका, तो विषारी धूर घरातलीच माणसं ओढतात. आणि पऱ्हाटीची, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांची, गंजी घराशेजारी रचू नका. गुलाबी बोंडअळी तिच्यातल्या किडक्या बोंडांत सुप्त राहते आणि पुढच्या कापसावर उतरते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन राखलेला कापूस, न ठेवता डिसेंबरअखेर कापूस मोकळा करा, पऱ्हाटी यंत्रानं बारीक करून घ्या. फुकटचं सरपण म्हणून ठेवलेली पऱ्हाटी पुढच्या हंगामात औषधाच्या दुकानात वसूल होते.

बाकी या पंधरवड्यातलं:
– गहू: पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पाणी चुकवू नका.
– हरभरा: एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), २० पक्षीथांबे, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क.
– करडईवरचा मावा (रस शोषणारी बारीक कीड): डायमिथोएट ३० टक्के, १३ मिली १० लिटर पाण्याला.
– दुभती जनावरं: कास कोमट पाण्यानं धुवा, पुसून कोरडी करा.

करडईवरचा मावा आधी बांधाकडच्या ओळींत दिसतो. तो तेवढ्यातच असेल तर पहाटेच्या दवावर चाळलेली राख धुरळून बघा. आमच्याकडे दोनदा काम झालं, एकदा नाही. राख अर्थातच गार झालेली हवी.

बंबातली राख बहुतेक घरांत बाया नाहीतर पोरं काढतात. हा सल्ला पारावर वाचून खिशात ठेवला तर काही उपयोग नाही, घरात वाचून दाखवा. डबे दोन करा आणि झाकणावर खडूनं वार लिहा. सोमवारचा डबा बुधवारी उघडायचा.