आरोग्यव्यवस्थेवरचा विश्वास परत कसा मिळवायचा: सुरुवात रांग आणि औषधखिडकीपासून

देशाची आरोग्यव्यवस्था सुधारायची म्हटलं की आधी नव्या इमारती, मोठी यंत्रं आणि नवं कार्ड डोळ्यांसमोर येतं. रुग्ण मात्र व्यवस्थेची परीक्षा वेगळ्याच ठिकाणी घेतो. डॉक्टर जागेवर होते का? चिठ्ठीवरचं औषध मिळालं का? खिशातून किती गेले? आणि काही बिघडलं तेव्हा खरं सांगितलं का? या चार प्रश्नांची उत्तरं बदलली नाहीत, तर कितीही जाहिराती करा, लोक दुखणं अंगावर काढतील आणि अगदी नाइलाज झाल्यावरच येतील. खालचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

आधी रांग मोजा

एक आठवडा दर दहाव्या रुग्णाच्या हातात कोरी चिठ्ठी द्या. दारात शिरताना, केसपेपर काढल्यावर, डॉक्टरांसमोर बसताना, तपासणीला रक्त दिल्यावर आणि औषध हातात पडल्यावर अशा पाच वेळा त्यावर घड्याळ बघून वेळ लिहायची. चिठ्ठी दारातच द्या. केसपेपरच्या खिडकीवर दिली, तर त्याआधीचा वेळ कुठेच नोंदला जात नाही, आणि कित्येकदा सगळ्यात लांब रांग तिथेच असते.

सरासरीवर विसंबू नका. चिठ्ठ्या कमी वेळापासून जास्त वेळाकडे लावा आणि दोन आकडे काढा: बरोबर मधल्या रुग्णाला किती वेळ लागला, आणि 100 पैकी 90 जण किती वेळात बाहेर पडले. सरासरी 50 मिनिटं दिसत असली तरी शेवटच्या दहा जणांचे चार-चार तास गेलेले असू शकतात, आणि चारचौघांत बोलणार तेच.

तासाला 30 माणसं येत असतील आणि प्रत्येकाला दोन तास लागत असतील, तर आवारात कायम 60 माणसं असणारच. बाकं वाढवून हे सुटत नाही. लागणारा वेळ निम्मा केला की गर्दी निम्मी होते. सगळे सकाळी आठलाच येतात, कारण उशिरा गेलं तर नंबर लागणार नाही ही धास्ती असते. म्हणून तासातासाचे टोकन द्या, तातडीच्या रुग्णांसाठी काही जागा मोकळ्या ठेवा आणि अकराच्या टोकनवाल्याला अकरालाच आत घ्या. पहिल्या आठवड्यात हा शब्द मोडला, तर दुसऱ्या आठवड्यात सगळे पुन्हा आठला हजर.

औषध संपू देऊ नका

जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी 1977 साली काढली, तेव्हा तिच्यात सुमारे 200 औषधं होती. प्रत्येक पातळीच्या दवाखान्याची अशीच आखूड यादी ठरवा. यादी लांबवण्यापेक्षा यादीतलं प्रत्येक औषध रोज मिळणं महत्त्वाचं आहे.

मागणी कधी नोंदवायची याचा हिशेब सोपा आहे. महिन्याचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे महिने, अधिक राखीव साठा. खप 6,000 गोळ्या, माल यायला दोन महिने आणि राखीव साठा एका महिन्याचा असेल, तर साठा 18,000 वर आला की त्याच दिवशी मागणी गेली पाहिजे.

चूक होते ती खप काढताना. समजा तीन महिन्यांत 12,000 गोळ्या गेल्या. कारकून तीनाने भागतो आणि खप 4,000 लिहितो. पण त्या 90 दिवसांपैकी 30 दिवस औषध संपलेलंच होतं. खरा खप 60 दिवसांत 12,000, म्हणजे महिन्याला 6,000. चार हजारांवर मागणी केली, तर पुढच्या तिमाहीत औषध आणखी लवकर संपतं, खप आणखी कमी दिसतो आणि मागणीही आणखी घटते. कागदावर सगळं व्यवस्थित, खिडकीवर मात्र खडखडाट. हे टाळायला स्टॉक रजिस्टरमध्ये एकच रकाना वाढवा: ‘या महिन्यात औषध किती दिवस नव्हतं’.

मांडणीवर जवळची मुदत पुढे, लांबची मागे. लशी 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवा. उष्णतेची काळजी सगळे घेतात, पण डीपीटी आणि हिपॅटायटिस-बीसारख्या लशी गोठल्या की निकामी होतात, म्हणून त्या बर्फाला चिकटवून ठेवू नका. आणि खिडकीबाहेर रोज फळा लिहा: आज कोणतं औषध नाही, कधी येईल, तोवर बदली काय. ‘नाही’ हा शब्द रांगेत दोन तास उभं राहिल्यावर ऐकण्यापेक्षा दारात वाचलेला बरा.

ओळखीचा पहिला दवाखाना

ब्राझीलने 1994 पासून आणि कोस्टा रिकाने त्याच सुमारास ठरावीक कुटुंबांना ठरावीक पथक नेमून दिलं: डॉक्टर, परिचारिका किंवा मदतनीस, आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक. या रचनेचं बळ ओळखीत आहे. रक्तदाबाची गोळी मध्येच का सोडली हे रुग्ण ओळखीच्या माणसालाच सांगतो. दर तीन महिन्यांनी बदली करणारं प्रशासन ही ओळख स्वतःच्या हाताने तोडतं.

मोठ्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठी दिली जाते, परतीची मात्र क्वचितच येते. ती सक्तीची करा. तीन ओळी पुरतात: काय सापडलं, कोणतं औषध बदललं, पुन्हा कधी दाखवायचं.

पैसा

खर्चाची भीती कमी करायची तर उपचाराच्या वेळी पैसे मागणं कमी करा. थायलंडने 2002 साली विम्याबाहेरच्या सगळ्यांना 30 बाथमध्ये एका भेटीचे उपचार देऊ केले. बाह्यरुग्णांसाठी रुग्णालयाला माणशी ठरावीक रक्कम, आणि दाखल रुग्णांसाठी निदानगटानुसार (सारख्या आजार-उपचारांचा एक गट, गटाला ठरलेला दर), एकूण मर्यादेच्या आत पैसे. दर कामाला पैसे दिले की नको त्या तपासण्या वाढतात. नुसती माणशी रक्कम दिली की हात आखडता घेतला जातो. म्हणून दोन्हींचा मेळ घाला आणि दोन्हीकडचा गैरवापर तपासणारी माणसं वेगळी ठेवा.

चूक झाली तर

विश्वास सगळ्यात जास्त इथे तुटतो, आणि नीट वागलं तर इथेच सगळ्यात घट्ट बसतो. पहिलं बोलणं 24 तासांच्या आत, बसून, उपचार करणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी करावं. ‘काही गुंतागुंत निर्माण झाली’ या वाक्यात माणूसच नाही. नातेवाइकांना त्यातून लपवाछपवीचा वास येतो. साधं बोला: “तुमच्या आईंना चुकीचं औषध दिलं गेलं. चूक आमची आहे, आम्ही माफी मागतो. आत्ता त्यांची तब्येत अशी आहे, आणि आम्ही हे उपचार करतोय. हे कसं घडलं ते शोधतोय; शुक्रवारी चार वाजता जेवढं कळलं असेल तेवढं सांगू.” शुक्रवारी काही कळलेलं नसलं तरी चारला भेटाच. कारण माहीत नसेल तर अंदाज सांगू नका. नंतर तो फिरवावा लागला की सगळंच खोटं वाटतं. इंग्लंडमध्ये हे असं मोकळेपणाने सांगणं 2014 पासून सरकारी रुग्णालयांवर कायद्यानेच बंधनकारक आहे.

मग कारण शोधा. समजा सलाइनच्या पाण्याऐवजी तीव्र पोटॅशियम क्लोराइड (थेट टोचलं तर हृदय बंद पाडू शकणारं औषध) टोचलं गेलं. परिचारिकेला निलंबित करून प्रश्न मिटत नाही, कारण सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या त्याच कप्प्यात उद्याही शेजारी शेजारी असतील. तीव्र पोटॅशियमच्या कुप्या वॉर्डातून काढा आणि औषधभांडारात कुलपात ठेवा. शिक्षेच्या भीतीने लोक चुका नोंदवायचे थांबले, तर पुढची चूक कुणालाच दिसत नाही. जाणूनबुजून केलेला हलगर्जीपणा मात्र वेगळा; त्याला पाठीशी घालू नका.

शस्त्रक्रियेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची 19 मुद्द्यांची चेकलिस्ट वापरा: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी. आठ रुग्णालयांतल्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ती सगळीकडे लागू केली, तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही. नुसता हुकूम निघाला की खुणा घाईने आणि एकदम होतात. एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी हातातलं काम थांबवून उत्तर द्यायचं, आणि थांबवायचा अधिकार परिचारिकेलाही द्यायचा.

तक्रारी आणि आकडे

तक्रार मिळाल्याची पोच तीन कामाच्या दिवसांत द्या, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच चौकशी देऊ नका. दर महिन्याला चार आकडे दारावर लावा: मधल्या रुग्णाचा वेळ, औषधं नसल्याचे दिवस, आलेल्या आणि निकाली निघालेल्या तक्रारी, डॉक्टर गैरहजर असलेले दिवस. पहिल्या महिन्यात हे आकडे वाईट असतील. तरीही लावा, आणि त्याखाली पुढच्या महिन्यात यातलं काय सुधारणार ते लिहा. एकच गोष्ट, पण हातात असलेली.