लहान मुलातील मेनिंजायटिसचे कारण कसे शोधावे

मेंदूच्या आवरणांना सूज (मेनिंजायटिस) आली आहे एवढ्या निदानावर थांबता येत नाही. ती जिवाणूंमुळे आली, विषाणूंमुळे की क्षयरोगामुळे, यावर पुढचे उपचार ठरतात. तान्ह्या बाळाची मान ताठ नसली तरी शंका सोडू नये, कारण या वयात दूध न ओढणे, न थांबणारी किरकिर, गुंगी, आकडी किंवा फुगलेली टाळू एवढ्याच खुणा दिसू शकतात.

प्रथम वय पाहावे. नवजात बाळात ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस आणि ई. कोलाय या जिवाणूंचा विचार आधी करावा. काही महिन्यांनंतर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि लस न मिळालेल्या मुलात हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) हे जिवाणू पुढे येतात. घरात कुणाला क्षयरोग आहे का आणि बाळाला आधीच प्रतिजैविक दिले गेले आहे का, हे आईवडिलांना आवर्जून विचारावे.

खरे उत्तर मात्र पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात असते. ते काढतानाच रक्तातील साखर तपासावी आणि रक्ताचे कल्चर (जिवाणू उगवून पाहण्याची तपासणी) पाठवावे, कारण पाण्यातील साखर रक्तातील साखरेशी ताडूनच वाचायची असते. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, त्यांत न्यूट्रोफिल हा प्रकार जास्त, साखर कमी आणि प्रथिने वाढलेली असतील तर कारण बहुधा जिवाणू असतात. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार जास्त आणि साखर साधारण असेल तर बहुधा विषाणू. लिम्फोसाइट जास्त असूनही साखर कमी आणि प्रथिने बरीच वाढलेली असतील, त्यातच आजार हळूहळू बळावलेला असेल, तर क्षयरोगाची शंका घ्यावी. येथे घाई नको: विषाणूच्या आजारातही सुरुवातीला न्यूट्रोफिल जास्त दिसू शकतात, आणि नवजात बाळाच्या पाण्यात निरोगी अवस्थेतही मोठ्यांपेक्षा अधिक पेशी असतात.

जिवाणूचे नाव ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) आणि कल्चर सांगतात. प्रतिजैविक आधी दिले असल्यास कल्चरमध्ये काहीच न उगवण्याची शक्यता असते. अशा वेळी पीसीआर ही जंतूंचे जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी उपयोगी पडते, कारण तिला मृत जिवाणूंचा डीएनएही सापडतो. एन्टेरोव्हायरस आणि नागीण-गटातील हर्पिस विषाणूही तिनेच ओळखता येतात, आणि नवजात बाळात हर्पिसची शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करावे लागते.

बाळ शॉकमध्ये (शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या अवस्थेत) असेल, मेंदूतील दाब वाढल्याची लक्षणे असतील किंवा रक्तस्रावाची प्रवृत्ती असेल, तर पाणी काढणे पुढे ढकलावे, पण प्रतिजैविकाचा पहिला डोस मुळीच पुढे ढकलू नये. रक्ताचे कल्चर घेऊन तो तत्काळ द्यावा आणि बाळ स्थिर झाल्यावर पाणी तपासावे.